वीबेकडे ठेवलेली अंडी

आमच्या शेडमधले रातकिडे पोट फुगून, उताणे पडून मेले. कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी आम्ही ते पाळतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. माझा नवरा श्यूर्ड तर त्यांना "माझी पोरं" म्हणायचा.

आमच्या फ्रीसलंडात रातकिडेवाल्यांची एक रीत आहे. एकाच्या शेडला रोग लागला, की वाण टिकावा म्हणून त्याने अंडी दुसऱ्याकडे नेऊन ठेवायची. श्यूर्डही डबा उराशी धरून वीबेकडे देऊन आला. वीबे म्हणजे त्याचा शाळेपासूनचा जिवलग.

"अगं, धुवून दिलीत. अंड्याला कसला आलाय रोग!"

"प्रयोगशाळेतून काय ते कळू दे की आधी," मी म्हटलं होतं. पण ऐकेल तर तो श्यूर्ड कसला!

प्रयोगशाळेची हान्नेके काल स्वतःच घरी आली. मेलेल्या किड्यांत तिला अगदी नवा विषाणू सापडला होता, आणि त्याची जनुकसंहिता तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती.

"जगात कुठेच याची नोंद नाही!" बयेचे डोळे नुसते चमकत होते. मग आमची तोंडं बघून वरमली.

"ते राहू द्या," श्यूर्ड म्हणाला. "त्यातलीच थोडी अंडी तुम्हाला तपासायला दिली होती, त्यांचं बोला."

"धुवून, फोडून बघितली. आतही तोच विषाणू, अक्षर न् अक्षर तेच. आईच्या पोटातूनच येतो तो."

"पण पिल्लं निघतील ना?"

"निघतील. आणि ज्या शेडमध्ये निघतील, ती सगळी शेड आजारी पाडतील."

श्यूर्डची कॉफी तशीच राहिली. मला त्याचा असा संताप आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

"बसलास काय? वीबेला फोन लाव!"

त्याने लावला. वीबे शेडमध्येच होता. एरवी तिथे इतकी किरकिर असते, की फोनवर दोघांना बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.

"वीबे, ती अंडी..."

"काळजी नको करूस रे," वीबे हळूच म्हणाला. "तुझी पोरं झकास आहेत."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला ते स्वच्छ ऐकू आलं.