उंबऱ्याबाहेरचा पाय

माझ्या सासूचा मला इतका राग यायचा की काय सांगू. पाच वर्षं त्या बाईनं माझ्या वरदचा पाय उंबऱ्याबाहेर भुईला लागू दिला नाय. गावदेवीला नवस बोलली होती ना.

वरदच्या आधीचा माझा प्रणित. तीन वर्षांचा, नुसती भिंगरी. शेजारच्या विकलेल्या शेतात बिल्डिंगच्या पायासाठी खड्डा खणलेला, त्यात पाणी साचलेलं. एका दुपारी पोर एकटंच चालत तिकडं गेलं. पुढं वरद झाला तेव्हा आय, म्हणजे सासूच, म्हणाली, "चालला म्हणून गेला. याला पाच वर्सं कडेवर वागवीन, पन भायेर भुईला सोडणार नाय."

मी लय भांडले. "आय, मग देवानं पोराला पाय कशाला दिलेत?" पण आमच्या विचुंब्यात नवसापुढं सुनेचं कोण ऐकतं? नवरा, शैलेश, म्हणायचा, जाऊ दे ना निशा. अंगणात पोरं धावायची आणि आमचा राजा कडेवरून बघायचा. घरातही तो कडेवरच; घास आय भरवायची, बटणंही तीच लावायची.

पाचव्या वाढदिवशी कोंबडा-नारळ देऊन नवस फेडला, वाजवायला बँजो पार्टी लावली. देवळासमोर आयनं त्याला खाली सोडलं. दोन पावलं चालला आणि फतकल मारून बसला. लोक हसले. मला रडू आलं.

नवीन पनवेलच्या शाळेत प्रवेशाला नेला तेव्हा मिताली टीचरनी त्याच्याकडं चेंडू टाकला, तो त्याच्या छातीवर आपटून पडला. खडू मुठीत धरला, पण रेघ ओढवेना.

"हुशार आहे तो," टीचर म्हणाल्या, "पण हातापायांना सवयच नाही. जूनपर्यंत जिना चढायला शिकवा. त्याच्या वयाचा वर्ग वर आहे. नाही जमलं तर खाली छोट्यांमध्ये बसवावं लागेल."

मग मी कंबर कसली. कणकेचे गोळे वळायला दिले, घरचा जिना रोज चढवला. आयला बजावलं, "आता त्याला उचलाल तर बघा." ती बिचारी हात मांडीखाली दाबून बसायची.

शाळेच्या पहिल्या दिवशी आयही आली. वरद कठडा धरून चढू लागला. मधेच मागून पोरांचा लोंढा आला, त्याचा तोल गेला. पडला नाय. पण तिथंच थांबला, वळला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. आयकडं नाय, माझ्याकडं.

"थांबा, येईल तो," टीचर वरून म्हणाल्या.

आयनं माझं मनगट धरलं. "नको उचलू, निशा. चढंल त्यो."

मला तो खड्डा दिसला, पाण्यासकट. मी मनगट सोडवून घेतलं, धावले आणि त्याला कडेवर घेतलं. त्यानं गळ्याला मिठी मारली. टीचर जिना उतरून आल्या आणि त्यांनी खालच्या वर्गाचं दार उघडलं. तीन वर्षांच्या पोरांत मीच त्याला नेऊन बसवला.

येताना रिक्षात आय माझ्या बाजूलाच होती. एक शब्द बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं. आता मी भांडू कोणाशी?