ऐकू जाईल अशी खोली

हिरालालने तीन हॉटेलांची चित्रे पलंगावर पसरली आणि सुलोचनेच्या मानेवर हात ठेवला. तो हात प्रेमाचा की दाबण्याचा, हे लग्नाला वर्ष लोटूनही तिला आधी कळत नसे. कळे ते नंतर, कातडीला.

"निवड," तो म्हणाला. "मालगुजारीची गावं सरकारनं नेली, पर मायी बायको रानीसारखीच फिरंल. कलकत्ता, पुरी का पचमढी?"

कलकत्त्याच्या हॉटेलात संगमरवरी जिना होता, झुंबरे होती. पुरीचा सज्जा थेट समुद्रावर उघडत होता. पचमढीचे हॉटेल म्हणजे सालवनात विखुरलेले बंगले. एकाचा दिवा दुसऱ्याला दिसू नये इतके दूर. सुलोचना झुंबरे पाहत नव्हती. ती भिंती पाहत होती. कोणती खोली कोणत्या खोलीला खेटून आहे, इथली किंकाळी कोणाच्या उशाशी पोचेल, एवढेच ती त्या चित्रांत शोधत होती.

पचमढीच्या त्याच हॉटेलात हिरालालने पहिल्या बायकोला, कुंदेला, नेले होते. परतला तो एकटाच. पाय घसरला, दरी खोल होती, असे त्याने सांगितले आणि कोणी पुढे विचारले नाही. पण एकदा दारूच्या धुंदीत सुलोचनेला विहिरीच्या काठावरून अर्धी ओणवी धरून तो पुटपुटला होता, "तेबी अशीच थरथरत होती."

"कलकत्ता," सुलोचना म्हणाली.

"काऊन?"

"तिथं मानसं आहेत."

तो हसला. मग त्याचा उलटा हात तिच्या तोंडावर बसला. अंगठीने ओठ फाटला. पुरीच्या निळ्या समुद्रावर रक्ताचा एक थेंब पडून फुगला.

"पचमढीची खोली मी आधीच ठरवली. तुया मनात काय आहे, तेवढं पाहून राहिलो होतो."

सुलोचनेच्या माहेरी बापजाद्यांनी बांधलेला तलाव होता. पावसाळ्यात त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पहारा असे. पाळीला भेग गेली की पहारेकरी पोटातून एकच हाक देई, "पाळ फुटली!" त्या हाकेला माणूस ताटावरून उष्ट्या हाताने उठे आणि वैर, सुतक मागे टाकून फावडे घेऊन धावे. तलावांच्या त्या साऱ्या मुलखात हाक ऐकून न उठलेल्याच्या घरी पुढे कोणी पाणी पीत नसे.

निघायच्या दिवशी गोंदिया स्टेशनात मोठ्या लाईनीवर कलकत्त्याची मेल उभी होती. जबलपूरची छोटी गाडी पलीकडच्या फलाटावर वाफ सोडत होती. पचमढीची वाट तिकडून होती. मेलच्या डब्यांसमोर सुलोचना थांबली.

"मी नाई येत."

हिरालालने चांदीच्या मुठीची काठी काखेत धरली आणि तिचे मनगट पिळले. आत काहीतरी कडकन मोडले.

"वाचवा! हा मले मारून टाकते!"

हमाल मुन्नालालने डोक्यावरची त्यांची पेटी सावरली. "घर का मामला है, बाई," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. खिडकीतल्या एका बाईने पदर ओढून घेतला. चहा पिणाऱ्याने पाठ फिरवली. माणसे भिंतीसारखी खेटून उभी होती. त्यांना ऐकू गेले होते. ऐकूनच त्यांनी तोंड वळवले होते.

"ओरड," हिरालाल तिच्या कानाशी म्हणाला. "आयकनारे लय आहेत."

त्याने तिला फरफटत छोट्या लाईनीकडे नेले. हमाल पेटी घेऊन मागोमाग आला. तिथे गाठोड्यांवर धानशेतीची माणसे बसली होती, नखांत चिखल, शेजारी लाठ्या. सुलोचनेने त्या नखांकडे पाहिले आणि पोटातला सगळा श्वास वर ओढला.

"पाळ फुटलीऽऽ!"

त्यांतल्या म्हाताऱ्या उदारामच्या ओठांतली बिडी गळली. समजण्याआधीच तो उभा होता. त्याच्यामागे अख्खी रांग उठली.

"कुठं फुटली? खोटी हाक देतेस का, पोरी?"

"खोटी नाई, बाबा." तिने लोंबणारा हात वर धरला. "यानं पयली बायको दरीत लोटली. आता मले नेऊन राहिला."

"हट, ए धोतऱ्या!" हिरालालची चांदीची मूठ उदारामच्या कपाळावर आदळली. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरले. म्हाताऱ्याने ते पुसलेही नाही.

मग लाठ्या पडल्या. भेगेवर माती पडते तशा पडल्या. शिवी नाही, घाई नाही, थरावर थर. गुडघा मोडला. चांदीची मूठ हिरालालच्या बोटांसकट चिरडली गेली. तो आधी ओरडला, मग विनवू लागला, मग नुसता ओला घरघराट उरला. त्याच्या खिशातले पचमढीचे चित्र फलाटावर पडून लाल होत गेले.

शिट्टी झाली. छोटी गाडी निघाली. रांगेतला एकही माणूस तिच्यात चढला नाही.

"तुमची गाडी गेली, बाबा," सुलोचना म्हणाली.

उदाराम तिच्या पेटीशेजारी खाली बसला. लाठी त्याने आडवी मांडीवर घेतली. "हाकेवर आलेला मानूस भेग भरल्याबिगर जात नाई," तो म्हणाला. "पोलीस येवो, का यमदूत. तू बस."

ती बसली. हिरालाल अजून श्वास घेत होता. तिला तो ऐकू येत होता. वर्षभरात पहिल्यांदाच, दुरून.