पातळ बाटल्या

पहिली बाटली फुटली तेव्हा एदेलट्राउट अंगणात कपडे वाळत घालत होती. फटाक्यासारखा आवाज आला, तो ओपांच्या खोलीतून. ओपा म्हणजे तिचे सासरे. ते आत दुपारचे झोपले होते.

मुलाच्या लग्नाची बिअर घरीच करायची, हा पोमेरोडे गावातल्या त्यांच्या घरचा रिवाज. नवरा आर्नो वारल्यावर यंदा आपल्या मुलाच्या लग्नासाठी तिने ती एकटीने केली होती. रिकाम्या बाटल्या धाकट्या दिराने, वाल्मोरने, बारमधून आणल्या. गारवा फक्त ओपांच्या खोलीत, म्हणून भरलेले क्रेट त्यांच्याच पलंगाखाली.

ती खिडकीशी धावली. ओपा भिंतीकडे तोंड करून घोरत होते. कानाचं यंत्र टेबलावर. पलंगाखालून फेस वाहत होता.

"वाल्मोर! कसल्या बाटल्या आणल्यास?"

"बिअरच्याच की, वहिनी."

"बारवाले परत घेतात त्या जाड?"

त्याने मान खाजवली. "जाड कमी पडल्या. मग थोड्या एकदा वापरून फेकायच्या, पातळ घातल्या मधे. रंग तर सारखाच..."

"अरे, साखर मी जाड बाटल्यांच्या भरवशावर घातलीय! एवढा गॅस पातळ काचेला सोसेल का?"

आत दुसरी फुटली. ओपांनी नुसती कूस बदलली.

"थांब, मी जातो," वाल्मोर म्हणाला. तोवर तिने त्याचं मोटरसायकलचं हेल्मेट डोक्यात घातलं होतं. दोरीवरची गोधडी अंगाभोवती गुंडाळून ती आत शिरली. पायाखाली काच करकरली. तिने ओपांना गदागदा हलवलं.

ओपांनी डोळे किलकिले केले. "कुठे निघालीस गं?"

"उठा! बाहेर चला!" ती हातवारे करत ओरडली.

"माझ्या चपला?"

चपला पलंगाखाली, क्रेटला लागून. तिला घाम फुटला. तिने वाकून हात घातला, चपला ओढल्या, त्यांच्या पायांत कोंबल्या आणि गोधडीत घेऊन त्यांना दाराबाहेर ढकललं.

"झोपू देत नाही ही बाई," ओपा वाल्मोरला म्हणाले.

वाल्मोरने खाली मान घालून हेल्मेट मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याने एकेका पातळ बाटलीचं झाकण ओल्या पोत्याखाली सैल केलं. भिंती भिजल्या. एदेलट्राउट दारातून हलली नाही. प्रत्येक फुसकाऱ्याला म्हणायची, "तोंड मागे घे रे!"

लग्नात जाड बाटल्यांतली बिअर नाच सुरू होण्याआधीच संपत आली. "आर्नोच्याच हातची चव," पाहुणे म्हणाले. ती हसली, पण तिच्या ग्लासातला फेस बसून गेला तरी तिने घोट घेतला नव्हता. गर्दीत ती ओपांना शोधत होती; त्यांना चव पटली का, ते अजून कळलं नव्हतं.

ते वाल्मोरसमोर रिकामा ग्लास धरून बसले होते. "ओत की अजून! हात का आखडतोस?"

तेव्हा कुठे तिने खुर्ची ओढली आणि आपला ग्लास तोंडाला लावला.