मोहनरावांची कांदळवनातली फेरी

बालाघाटातल्या पालीचे मोहनराव कोकणात गेले ते समुद्र बघायला नव्हे, पोरगी परत आणायला.

करिष्मा वनरक्षक झाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. नेमणूक खाडीकाठच्या कांदळवनात झाल्याचं कळलं, तोवर पेढे वाटून झाले होते. तेव्हापासून ते तिच्या बदलीच्या मागे होते. ज्यांच्यासाठी मोहनराव मतं गोळा करतात त्या साहेबांनी आता काम होत आणलं होतं. जागा आपल्याच भागात, धारूरच्या डोंगरात. संध्याकाळपर्यंत मोहनरावांनी फोनवर फक्त 'हो' म्हणायचं होतं. करिष्मा 'नको' म्हणत होती, पण ती पहिल्यापासून तेच म्हणत असल्यामुळे कुणी मनावर घेत नव्हतं.

सोबत पत्नी सुभद्राबाई आणि ऊसतोडीचा मुकादम बंकट. बंकटचं तिथं काही काम नव्हतं. पण मोहनराव बोलले की 'बरोबर हाय' म्हणायला एक माणूस लागतो, आणि ते काम सुभद्राबाईंनी लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं.

खाकी वर्दीतली करिष्मा फाटकापाशीच उभी होती. आत चिखलात खांब रोवून त्यावर फळ्यांची लांब वाट केलेली. दोन्ही बाजूंना कठडा, वर झाडांची सावली. चढ नाही, उतार नाही, काटा नाही. बालाघाटात वाढलेल्या माणसाला ही चाल म्हणजे फसवणूकच वाटावी. सुभद्राबाईंनी चपला काढल्या.

"आई, देऊळ न्हाई हे."

"आसू दे गं. एवढी झाडून ठेवलेली वाट, चपला घालून कसं जावं?"

थोडं पुढं गेल्यावर बंकट थबकला. खाली चिखलातून बोटाएवढी हजारो खुंटं वर आलेली होती. त्याचा चेहरा पडला.

"कुणाची टोळी होती बे ही? ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. एवढा खुंट ठेवला तर कारखानावाला दारात उभं करंल का?"

"काका, ऊस न्हाई हा," करिष्मा म्हणाली. "तिवराची मुळं हायेत. चिखलात हवा मिळत न्हाई, म्हणून वर येऊन श्वास घेत्यात."

"मुळं वर? मंग खाली काय हाय?"

"खाली पण मुळंच."

बंकटनं मोहनरावांकडं पाहिलं. "बरोबर हाय," मोहनराव म्हणाले.

एवढ्यात खालचा चिखल चमकायला लागला. झाडांच्या बुंध्यांमधून पाणी गुपचूप आत सरकत होतं. मोहनरावांची शेती कालव्याच्या अगदी शेवटाला. 'शेवटापर्यंत पाणी आलंच पाहिजे' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी अनेक निवडणुका काढल्या होत्या, आणि पाणी कधी आलं नसल्यामुळे वाक्य अजून चालू होतं. ते कठड्यावरून वाकले.

"पाणी सोडलंय! कुणाची पाळी हाय आज?"

"पाळी न्हाई आबा, भरती हाय. रोज दोनदा येते."

"अर्ज न देता?"

"अर्ज न देता."

"सोडतं कोण?"

"चंद्र."

मोहनराव गंभीर झाले. "कोणत्या पक्षाचा?"

"कोणत्याच न्हाई. त्याच्याकडं वशिला चालत न्हाई."

"म्हणून खारट असंल," सुभद्राबाई म्हणाल्या आणि खेकडे बघायला पुढं निघाल्या.

प्रवासाच्या गडबडीत मोहनरावांचं सकाळचं दातवण राहिलं होतं. घरी ते रोज बाभळीची काडी चावत ओट्यावर बसतात आणि लोकांच्या अडचणी ऐकतात. तोंडात काडी असली की 'हो' आणि 'नाही' दोन्ही सारखंच ऐकू येतं, हा त्यात मोठा फायदा. विचाराच्या नादात त्यांनी हात वर केला आणि तिवराची एक डहाळी कट्कन मोडली.

"आबा, नका. हितली झाडं तोडणं गुन्हा हाय."

"झाड कुठं तोडलं? काडी घेतली."

डहाळीची पानं खुडून त्यांनी दुसरीला हात घातला.

"साहेब, हात खाली घ्या."

'साहेब' ऐकून मोहनरावांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी साहेब नव्हता. फिरायला आलेली एक सहल मात्र उभी राहून बघत होती.

"मी बाप हाय तुझा!"

"म्हणून दोनदा सांगितलं. बाकीच्यांना एकदाच सांगते. चला, फाटकाबाहेर."

"अगं, पण..."

"बाहेर, आबा."

मोहनरावांनी बायकोकडं पाहिलं. "तुमी व्हा म्होरं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी शेवटपर्यंत जाऊन येते."

सहलीतली बायामाणसं बाजूला सरकली आणि मोहनरावांना वाट करून दिली. असा मान त्यांना गावात नेहमी मिळे. फक्त तिथं ते आत जात असत.

फाटकाबाहेरच्या बाकावर बंकट येऊन शेजारी बसला आणि समजूत काढू लागला.

"राग मानू नका. एकदा धारूरला आली म्हंजे आपल्याच हातात हाय की. आपल्या सिदूची आरागिरणी तिच्याच हद्दीत येती. शिवशंकरचं बिनपरवाना लाकडाचं ट्रॅक्टर त्याच घाटातनं उतरतं. तुमच्या मेव्हण्याची कोळशाची भट्टी तर तिच्या हापिसातनं दिसंल. लई सोय झाली बघा."

सिदूच्या घरची मतं, शिवशंकरच्या वाडीची मतं, मेव्हण्याची अख्खी भावकी मोहनरावांच्या डोळ्यांपुढून गेली.

"बंकट, सिदूला सोडंल का रं ही?"

"सोडंल की. घरचा माणूस हाय."

"आन् मी कोण हाय?"

बंकटनं 'बरोबर हाय' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मोहनरावांनी फोन लावला. "साहेब, मोहनराव बोलतोय. ती बदली ऱ्हाऊ द्या. न्हाई, न्हाई, नाराज कावून होऊ? पोरीला हितली हवा लई मानवली. आन् साहेब, पुन्हा कधी जागा निघाली तरी नको. कधीच नको."

सुभद्राबाई आणि करिष्मा बाहेर आल्या तोवर मोहनरावांनी छाती बरीच पुढं काढली होती.

"पोरी, तुझ्या सुखासाठी मी साहेबांना शब्द माघारी घ्यायला लावला. ऱ्हा हितंच."

करिष्मानं आनंदानं त्यांचे दोन्ही हात धरले. "खरंच, आबा?"

"खरंच. मी एकदा ठरवलं की ठरवलं."

सुभद्राबाईंनी बंकटकडं पाहिलं. बंकट आभाळाकडं बघत होता. त्यांना पुढं काही विचारायची गरज वाटली नाही.

"मंग आता चला, तुमी पण बघून घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चिखलात एक मासा चालतो म्हणं. अक्षी पायानं!"

मोहनराव उत्साहानं उठले आणि फाटकाकडं निघाले. करिष्मानं हात आडवा धरला.

"आज न्हाई, आबा. आज तुमाला बंदी हाय. उद्या या."

मोहनराव थांबले. एकदा लेकीकडं, एकदा फाटकाकडं पाहिलं आणि परत बाकावर जाऊन बसले.

"बंकट," ते हळूच म्हणाले, "फोन येळेवर केला बघ."