कालच्या क्रोसाँचं आज काय करायचं

बेकरीवाल्यांचं गल्लीत कुणाशी वैर नव्हतं. तरीही संध्याकाळी दुकानाचं शटर पडलं की लोक घरातले दिवे मालवून बसायचे.

कारण शटर पडलं की बेकरीवाले खोके घेऊन निघायचे. खोक्यांत दिवसभर न खपलेला माल असायचा. क्रोसाँ, जॅमचे पफ, दालचिनीचे रोल. "घ्या हो, तुमच्यासाठीच आणलंय," असं ते म्हणायचे, आणि ज्याला म्हणायचे त्याच्याकडे परवाचा खोका अजून संपायचा असायचा. समोरचा शिंपी तर अंधारात शिलाई मशीनमागे श्वास रोखून बसायचा. एकदा बेकरीवाले त्याच्या दारात कुणाशी तरी गप्पा मारत उभे राहिले, तेव्हा तो निळा पडला होता म्हणतात. दातांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या खोका हसून घ्यायच्या आणि जिन्यातल्या पोरांना वाटून टाकायच्या. धंद्यात दूरदृष्टी लागते.

इतका माल उरायचा, कारण दुकानात दोन नियम होते.

पहिला नियम असा, की काचेचं कपाट शटर पडेपर्यंत गच्च भरलेलं दिसलं पाहिजे. "रिकामी फळी दिसली की लोक म्हणतात, ह्याचं काही खरं नाही," असं बेकरीवाल्यांचे वडील सांगायचे. त्यामुळे गिऱ्हाईक आटोपत आलं की शेवटचा ट्रे भट्टीत जायचा आणि शिल्लक राहण्यासाठी अगदी वेळेवर बाहेर यायचा.

दुसरा नियम असा, की शिळं विकायचं नाही. गल्ल्याच्या वर तशी पाटीच होती : 'कालचं इथे काही मिळणार नाही.' आदल्या दिवशी दुकानात छत्री विसरलेल्या एका गृहस्थांनी ती पाटी वाचली आणि निमूट परत गेले.

पहिला नियम तोऱ्याचा, दुसरा प्रामाणिकपणाचा. दोघांचं लग्न लागलं होतं आणि रोज संध्याकाळी त्यांना ट्रेभर लेकरं व्हायची.

गल्लीतली दारं बंद व्हायला लागली तसे बेकरीवाले खोके घेऊन बागेतल्या तळ्यावर जाऊ लागले. तिथे बदकं होती. बदकांना दिवे मालवता येत नाहीत.

घरात बाप-लेक दोघंच. लेक भट्टी सांभाळायची. रीतसर शिकून आली होती, हात असा की तिने लाटलेल्या क्रोसाँचे पदर मोजत बसावं. तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं होतं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"जाऊ नकोस म्हणणार नाही मी," बेकरीवाले म्हणाले. "पण का जातेस ते तरी सांग."

"बाबा, पहाटे उठून मी जे भाजते ते लोक खातात. संध्याकाळी जे भाजते ते बदकं खातात. मी बदकांसाठी नाही शिकले."

"तेवढा एक ट्रे तर असतो."

"तेवढाच एक बंद करा, मी राहते."

"आणि कपाट?"

"कपाट रिकामं राहील."

बेकरीवाल्यांनी छातीवर हात ठेवला. डॉक्टरांनी त्यांना काही झालेलं नाही असं दरवर्षी सांगितलं होतं, तरी ते ठेवायचे.

उरलेल्यातले थोडे क्रोसाँ लेक मात्र रात्री झाकून ठेवायची. सकाळी ते हाताने फाडून खोलगट भांड्यात रचायची. अंडी, दूध, साखर आणि व्हॅनिला फेटून वरून ओतायची आणि थोडा वेळ हात लावायची नाही. शिळा क्रोसाँ तहानलेला असतो, त्याला पोटभर पिऊ द्यावं लागतं. ताजा घातला तर लगदा होतो. वर बेदाणे, चिमूटभर दालचिनी, की भांडं भट्टीत. बाहेर यायचं तेव्हा वरून कुरकुरीत आणि सोनेरी, आत खरवसासारखं मऊ. बाप-लेकीची न्याहारी ह्याच्यावर व्हायची. बेकरीवाले दोनदा वाढून घ्यायचे आणि ते कशाचं आहे ह्याबद्दल घरात अवाक्षर काढायचे नाहीत.

गुरुवारी सकाळी दुकानात चांगली रांग असताना बागेचा राखणदार काखेत एक बदक घेऊन आला. रांग मोडून पुढे गेला. बदक बरोबर असेल तर लोक वाट देतात असं दिसतं. त्याने ते गल्ल्यावर ठेवलं.

"हिला ओळखता का, मालक?"

बेकरीवाल्यांनी निरखून पाहिलं. "चेहरा ओळखीचा वाटतोय."

"तुमचीच आहे. गवत दाखवलं की पाठ फिरवते. साधा पाव टाकला तर माझ्याकडे अशी बघते, जसा काही मीच तिच्या घरी जेवायला आलोय. उडायचं म्हटलं तर धावते, पंख आपटते आणि बसून घेते. मी राखणदार आहे, व्यायामशाळेचा मास्तर नाही."

"अहो, मी प्रेमाने घालतो."

"प्रेमाने घातलं म्हणून लोणी कमी होतं का? आजपासून खोका घेऊन आलात तर फाटकातच अडवीन."

एवढं बोलून त्याने बदक उचललं, एक जॅमचा पफ विकत घेतला, तो बदकाला दिसणार नाही अशा बेताने खिशात घातला आणि तो गेला.

रांगेत सगळ्यात पुढे आत्या उभ्या होत्या. बेकरीवाल्यांची थोरली बहीण. आयुष्यभर नाटकगृहात तिकिटं फाडण्याचं काम केलेलं, त्यामुळे समोरच्याला थांबवायची किंवा आत सोडायची सवय होती. अंगापिंडाने अख्ख्या गल्लीत मोठ्या असलेल्या आपल्या भावाला त्या चारचौघांत बाळ्या म्हणायच्या.

"बाळ्या, आता कुठे नेणार?"

"बघू. नदीवर मासे असतील."

"माशांनी काय पाप केलंय? उरलेल्याचं पोरगी सकाळी जे करते ते विक की दुकानात."

बेकरीवाल्यांनी हळूच पाटीकडे बोट केलं. "ताई, हळू बोल. गिऱ्हाईक आहे. ह्या दुकानात शिळं विकलं नाही कधी. ती फसवणूक झाली."

"फसवणूक लपवण्यात असते रे. काल लावलेल्या दुधाचं आज दही होतं. दहीवाल्याला तू कधी म्हणालास का, की बाबा, शिळं दूध देतोस?"

"दह्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? ते मुरतं, हे मुरतं. तू स्वतः रोज सकाळी दोन वाट्या हाणतोस. जे स्वतः आवडीने खातोस ते गिऱ्हाइकाला द्यायची लाज, आणि जे तुला जात नाही ते बदकाच्या गळ्यात. हा कुठला प्रामाणिकपणा?"

रांगेतली सगळी माणसं आता छताकडे बघत होती. कान मात्र कुणाचेच छताकडे नव्हते.

बेकरीवाले कुजबुजले, "आणि संध्याकाळी कपाट रिकामं दिसलं तर? लोक म्हणतील, बसला धंदा."

"मी इतकी वर्षं दारात उभी होते. खेळ संपला की नाटकगृह रिकामं व्हायचं. नाटक पडलं असं कुणी म्हणायचं नाही, संपलं म्हणायचे. आणि खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आम्ही कधी माणसं कोंडून ठेवली नाहीत."

"लोक काय म्हणतील ते तुला नाही कळायचं, ताई."

"मला कशाला कळायला हवं? लोक हे काय, रांगेत उभे आहेत. विचार."

विचारायची वेळच आली नाही. मागून शिंप्याने घसा खाकरला. बऱ्याच महिन्यांचा रोखलेला श्वास होता, जोरात बाहेर आला.

"काका, राग मानू नका. तुमच्याकडे रोज उरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेलं आमच्याच घरी येतं ना! भरलेलं कपाट बघून आम्हाला तुमचा धंदा जोरात आहे असं नाही वाटत. आम्हाला संध्याकाळची भीती वाटते."

रांगेत मान हलवली नाही असं कुणी नव्हतं. पलीकडच्या गल्लीतले दोघे तर ह्या गल्लीत नुसते पाव घ्यायला आले होते, त्यांनीही हलवली.

बेकरीवाले गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. ज्या तोऱ्यासाठी वडिलांपासून ट्रेच्या ट्रे भाजले, तो तोरा खुद्द गल्लीलाच कधी दिसला नव्हता. दिसले होते ते खोके.

आत भट्टीजवळ लेक सगळं ऐकत होती. तिने घरच्या न्याहारीचं भांडं आणून गल्ल्यावर ठेवलं. अजून वाफ निघत होती.

बेकरीवाल्यांनी सुरी घेतली, एक चौकोन कापला आणि बशीत घालून शिंप्यापुढे धरला. शिंपी सवयीने एक पाऊल मागे सरला.

"काय आहे हे?"

उत्तर सोपं होतं, पण ते ह्या दुकानात कुणी कधी दिलं नव्हतं. बेकरीवाल्यांच्या कपाळावर घाम आला. मग ते शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "कालच्या क्रोसाँचं आहे. आज दूध-अंड्यात भिजवून भाजलंय. मी स्वतः रोज खातो."

शिंप्याने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग बशी छातीशी धरून तो रांगेला पाठमोरा झाला, वाटेकरी नकोत म्हणून.

भांडं तिथेच संपलं. पाटी आत्यांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. भावाने स्टूल धरलं, पण डोळे मिटून.

त्या संध्याकाळी शेवटचा ट्रे भट्टीत गेला नाही. कपाटाच्या फळ्या एकेक करून उघड्या पडत गेल्या, तसे बेकरीवाले त्यांच्यापुढे आडवे उभे राहू लागले. माणूस रुंद होता, पण तीन फळ्या झाकायच्या म्हणजे अवघडच. एक बाई आल्या, त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

"पफ संपले?"

"संपले," बेकरीवाले कबुली द्यावी तसे म्हणाले.

"अरे वा. मग उद्या लवकर येते."

बेकरीवाले बराच वेळ त्या बाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानात लवकर यायचं कारण कुणाला मिळालंच नव्हतं.

पण माणूस सुधारतो तेव्हा त्याची खोड कपडे बदलून परत येते. शुक्रवारी सकाळी, आदल्या दिवशी उरलेल्या थोड्या क्रोसाँचं न्याहारीचं भांडं दुकान उघडल्या-उघडल्या फस्त झालं. मागून आलेल्यांनी हळहळ केली. शनिवारी तर लोक भांडं घेऊनच आले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मोठा डबा आणला होता.

"असं कसं, पुरत नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या. "जास्त करा ना."

"जास्त करायचं तर जास्त उरायला हवं," बेकरीवाले म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. ते आत गेले. "बाळ, सुचलंय मला. संध्याकाळी दोन ट्रे जादा भाजू. रात्रभर उघडे ठेवू. सकाळपर्यंत मस्त शिळे होतील."

लेक कणीक मळत होती. हात थांबवून तिने बापाकडे पाहिलं. हॉटेलला कळवायचा तो शेवटचा दिवस होता. फोन पिठाच्या पोत्यावर पडला होता.

"शिळं करण्यासाठी ताजं भाजायचं, बाबा?"

तिने एवढंच विचारलं आणि पुन्हा मळायला लागली. पुढे आर्जव केलं नाही की धमकी दिली नाही.

बेकरीवाले तिथेच उभे राहिले. बाहेर डबेवाली रांग, आत भट्टी. काचेचं कपाट भरायचा मोह आता भांडं भरायला निघाला होता, एवढाच काय तो फरक. त्यांचा हात छातीकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यातून परत घेतला आणि ते बाहेर गेले. आतून लेकीला स्पष्ट ऐकू आलं.

"डॉक्टरीणबाई, संपलं. उद्या उरलं तर मिळेल. नाही उरलं, तर ताजं खा."

"आणि रोजच नाही उरलं तर?"

"तर माझी लेक हिशेबाने भाजते असं समजा."

आत पिठाचे हात पुसल्याचा आवाज आला. मग लेक फोनवर कुणाला तरी म्हणाली, "नमस्कार, तुमचे आभार मानायला फोन केला. नाही, येत नाहीये. इथे काम आहे."

बेकरीवाल्यांनी हे ऐकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचे सोडून हस्तांदोलन केलं.

तेव्हा नागरिकहो, उरणं हा गुन्हा नाही. माणसाचा अंदाज चुकतो, भूक कमी-जास्त होते. उरलं तर ते उजळ माथ्याने सांगावं, नीट शिजवावं आणि मिटक्या मारत खावं. पण उरणार हे ठाऊक असून निव्वळ भरलेलं दिसावं म्हणून करत राहणं, आणि मग ते दुसऱ्याच्या गळ्यात मारून त्याला दानधर्म म्हणणं, ही लबाडी आहे. ज्यांच्यासाठी आपण हा देखावा मांडतो ते लोक फसलेले नसतात, ते अंधारात श्वास रोखून बसलेले असतात. विश्वास नसेल तर आज आपलंच फडताळ उघडा, आतलं काय आपल्या गरजेचं आणि काय शेजाऱ्यांना दाखवायचं ते बघा. आणि संपलं असेल तिथे बेधडक म्हणा, संपलं. पहिल्यांदा म्हणताना घाम फुटतो. दुसऱ्यांदा नाही.