दिशानाथ महाराजांची करिअर-अंगठी

त्या रविवारी ठाकुर्लीच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, पण गर्दी लग्नाचीच होती. फरक इतकाच की आत आलेली मुलं-मुली नुकतीच दहावी पास झालेली होती आणि सगळ्यांचे चेहरे कुणीतरी जबरदस्तीने बोहल्यावर चढवल्यासारखे होते. आईबाप मात्र खुर्च्यांवर चढून पुढे बघत होते.

स्टेजवर दिशानाथ महाराज उभे होते. अंगात भगवा कुर्ता, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, गालाला चिकटलेला माइक.

"भक्तहो! मूल जन्माला येतं तेव्हा ब्रह्मांड त्याच्या रक्तात वायफाय सोडतं. पण पासवर्ड कुणाकडे? आईबापाकडे!"

टाळ्या पडल्या. कमलेश केणेनेही वाजवल्या, आणि शेजारी बसलेल्या लेकीला कोपर मारलं. "वाजव ना गं, जागृती."

"कशासाठी?"

"सगळे वाजवतायत म्हणून."

महाराजांसमोर एक गोल टेबल होतं. त्यावरच्या कापडी चक्रावर कडेकडेने चित्रं रंगवलेली: स्टेथोस्कोप, क्रेन, लॅपटॉप, काळा कोट, विमान, लाल दिव्याची गाडी, बँकेची तिजोरी, आचाऱ्याची टोपी, शिंप्याची कात्री आणि असंच बरंच काही. चक्राच्या मधोमध दोऱ्याला बांधलेली तांब्याची अंगठी धरायची, मनात मुलाचं नाव घ्यायचं आणि नजर चक्रावरून ढळू द्यायची नाही, एवढाच विधी. मग अंगठी आपोआप झुलू लागते आणि मुलाचं करिअर दाखवते.

आणि खरंच झुलत होती! एका बाईंच्या हातात ती स्टेथोस्कोपकडे झुलली. बाई रडायलाच लागल्या. "मी सातव्या महिन्यापासून हेच म्हणत होते!" पुढच्या गृहस्थांची अंगठी लाल दिव्याच्या गाडीकडे गेली. त्यांचा मुलगा मागे उभा राहून वडापाव खात होता. कलेक्टर होणार म्हटल्यावर बापाने त्याच्या हातातून तो काढून घेतला. तासाभरात सभागृहात डॉक्टर, इंजिनिअर आणि कलेक्टर यांचं अमाप पीक आलं. कात्रीकडे अंगठी एकदाही वळली नाही. ब्रह्मांडाला बहुधा कपडे शिवून घ्यायचे नसावेत.

कमलेशची पाळी आली. त्याने दोरा धरला. त्याला मुलगी इंजिनिअरच व्हायला हवी होती आणि त्याला कारण होतं. बापाची जमीन बिल्डरला दिली तेव्हा बिल्डरचा इंजिनिअर नकाशे पसरून तासभर बोलला होता, आणि कमलेश एक शब्द न कळता नुसता मान डोलवत बसला होता. तेव्हापासून त्याने मनाशी ठरवलं होतं, असा नकाशा वाचणारं माणूस आपल्या घरात पाहिजे.

अंगठी आधी थरथरली. मग हळूच हलली. मग क्रेनकडे अशी झुलायला लागली की पुढच्या रांगेतल्या बाईने पदर आवरला.

"मी हलवत नाय!" कमलेश ओरडला. "आईची शपथ, माझा हात जागचा हललेला नाय!"

"पप्पा," जागृती हळूच म्हणाली, "ती तेवढीच उलट्या बाजूला पण जातेय. तिकडे आचाऱ्याची टोपी आहे."

महाराजांनी बोट वर केलं. "बेटी, पुढचं टोक म्हणजे नशीब. मागचं टोक म्हणजे माया!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एवढ्यात कमलेशची बायको कल्पिता पुढे झाली. "मी पण धरून बघते." तिने दोरा धरला आणि अंगठी सरळ बँकेच्या तिजोरीकडे झुलायला लागली. कल्पिताला मुलगी बँकेत मॅनेजर व्हायला हवी होती. एसीत बसायचं, संध्याकाळी घरी.

एकच मुलगी, एकच अंगठी आणि नशिबं दोन. सभागृहात कुजबुज झाली. महाराज म्हणाले, "माताजींच्या हाताला मागच्या जन्माचं करिअर लागलं आहे! मागच्या जन्मी ही मुलगी बँकेत होती!"

"मागच्या जन्मी बँकेत, आणि या जन्मी मला टक्केवारी येत नाही?" जागृती म्हणाली.

घरी गेल्यावर नवराबायको दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. दोघं जागृतीशी मात्र भरपूर बोलले. तिला सायन्सच्या मोठ्या क्लासला टाकायचं की कॉमर्सला, यावरून रोज जेवताना अंगठीचा हवाला निघायचा. जागृतीला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, आणि तिलाही त्याची भीतीच वाटत होती, कारण तिचं खरं उत्तर होतं, माहीत नाही. ज्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, तिथे हे उत्तर द्यायची सोय नव्हती. ती जेवण अर्धं टाकून उठायला लागली.

कमलेशचा उजवा खांदा आखडलेला होता. त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर नीरजा कर्णिक नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा दवाखाना होता. बुधवारी तो तिथे गेला, सोबत जागृती होती, आणि खिशात महाराजांकडून विकत घेतलेली अंगठी. पाठीवर पडल्या पडल्या त्याने सगळी हकीकत सांगितली.

"डॉक्टर मॅडम, अंगठी अशी झुलली! आणि माझा हात बिलकुल हलला नाय."

"कमलेशभाऊ," नीरजाबाई त्याचा दंड वर उचलत म्हणाल्या, "हा हात दोन महिने माझ्या ताब्यात आहे. तो कधी हलतो आणि कधी नाही, हे तुम्ही मला सांगू नका. उठा, काढा ती अंगठी."

त्यांनी एका गोल स्टुलावर हाताला लागतील त्या चार वस्तू मांडल्या. बामाची बाटली, रबरी चेंडू, कंगवा आणि साबणाची वडी. "बाम म्हणजे इंजिनिअर. चेंडू म्हणजे बँक. कंगवा डॉक्टर, साबण वकील. धरा दोरा."

कमलेशने धरला. अंगठी बामाकडे झुलायला लागली.

"बघा! बघा! तुमच्या दवाखान्यातसुद्धा महाराजांची शक्ती चालते!"

"छान. आता तशीच झुलू द्या." नीरजाबाईंनी मागून त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि जागृतीला खूण केली. जागृतीने बामाची बाटली अलगद उचलली आणि त्या जागी दारातली पप्पांची चप्पल आणून ठेवली.

"झुलतेय का अजून?" कमलेशने विचारलं.

"जोरात," जागृती म्हणाली.

"कुठे? इंजिनिअरकडेच ना?"

टॉवेल सुटला. कमलेशला समोर स्वतःचीच चप्पल दिसली. अंगठी अजून तिच्याकडेच भक्तिभावाने जात होती.

"पप्पा, ब्रह्मांडाने मला चप्पल दिली."

कमलेशला हसू आलं नाही. त्याला खरोखर धक्का बसला होता. "पण मॅडम, मी खोटं नाय बोललो. मी हलवलेलंच नाय."

"तुम्ही खोटं बोलत नाही, तीच तर गंमत आहे," नीरजाबाई म्हणाल्या. "मनात एखादी गोष्ट घट्ट धरली की बोटांचे स्नायू तिकडे किंचित ओढतात. इतकं किंचित की आपल्यालाही कळत नाही. पण लांब दोऱ्याला तेवढं पुरतं. झोपाळ्याला वेळेवर बोटाने टिचकी दिली तरी तो उंच जातो, तसं. अंगठीला जागृतीचं नशीब माहीत नाही. तिला फक्त तुमच्या मनातलं माहीत आहे."

"मग कल्पिताच्या हातात..."

"वहिनींच्या मनातलं."

पुढच्या रविवारी कमलेश पुन्हा कार्यालयात गेला. कल्पिता, जागृती आणि नीरजाबाई सोबत होत्या. घरी टॉवेल बांधून कल्पिताने स्वतः प्रयोग करून बघितला होता. तिची अंगठी मिठाच्या बरणीकडे गेल्यापासून ती नवऱ्याशी पुन्हा बोलायला लागली होती.

कमलेश सरळ स्टेजवर चढला. "महाराज, मला पुन्हा बघायचंय. पण डोळ्यांवर पट्टी बांधून."

"नको, नको! डोळे झाकले की ऊर्जा अडते!"

"कशी काय? वायफाय तर रक्तात आहे ना?"

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "बांधू द्या की, महाराज!" महाराजांना नाही म्हणता येईना. कमलेशने चक्र नीट बघून घेतलं, क्रेनच्या दिशेला तोंड केलं आणि डोळे बांधून घेतले. जागृतीने कापडी चक्र हळूच फिरवलं. अंगठी थरथरली, झुलली आणि अख्ख्या ठाकुर्लीसमोर शिंप्याच्या कात्रीकडे धावली.

"एक मिनिट, मला पण पट्टी बांधा!" मागच्या रविवारी ज्यांचा मुलगा कलेक्टर झाला होता ते गृहस्थ पुढे आले. चक्र फिरलं आणि कलेक्टरसाहेब आचारी झाले. त्यांचा मुलगा पहिल्यांदाच आनंदात दिसला. मग रांगच लागली. कुणाचा डॉक्टर वकील झाला, कुणाचा वैमानिक तिजोरीत गेला. हसून हसून एक आजोबा खुर्चीवरून घसरले.

"महाराज, आता तुम्ही!" नीरजाबाईंनी टॉवेल पुढे केला. महाराज म्हणाले, आज ग्रहमान ठीक नाही, आणि मागच्या दाराने निघाले. स्पोर्ट शूज कशासाठी होते ते तेव्हा सर्वांना कळलं.

नीरजाबाईंनी मग कार्यालयाचा माइक घेतला आणि बोटं कशी फसवतात ते लोकांना समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हा माणूस फसवत होताच, पण त्याला फार कष्ट पडले नाहीत. आपल्याला जे ऐकायचं होतं तेच त्याने आपल्याच हातून वदवून घेतलं."

पायऱ्या उतरताना कमलेशने लेकीला विचारलं, "तुला काय व्हायचंय गं?"

जागृती थांबली. खोटं काहीतरी सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. "माहीत नाही, पप्पा. खरंच नाही."

कमलेशने कल्पिताकडे बघितलं. मग कल्पिताच म्हणाली, "मग बघून ये. लोक काय काय काम करतात ते जाऊन बघ तरी."

जागृती गेली. नीरजाबाईंच्या दवाखान्यात बसली. माणसं आवडली, कण्हणं आवडलं नाही. आंबिवलीला मावशीच्या पतपेढीत एक दिवस बसली आणि दुपारी तिथेच डुलकी लागली. कोलशेतला मामा रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता, त्याने परवानगी काढून तिला नेलं. तिथे एकच निळा रंग उन्हात, ओलाव्यात, लोखंडावर कसा कसा बदलतो याच्या पट्ट्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. त्या संध्याकाळी ती जेवायला बसली आणि कुणी न विचारता बोलत राहिली: लोखंडावरचा रंग का सोलतो, मामाचा एक रंग कसा फसला, त्याने तो पुन्हा कसा केला. ताटातली आमटी गार झाली. कमलेशला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण या वेळी तो नुसती मान डोलवत बसला नाही, मध्ये मध्ये विचारत राहिला.

जागृती पुढे रसायनवालीच होईल असं नाही. सध्या तिने सायन्स घेतलंय, तेही स्वतः. वर्षभराने तिला दुसरंच काही आवडू शकतं, आणि त्यात काही पाप नाही. मुलाला कुठलं काम जमेल हे अंगठीला, पत्रिकेला किंवा कुठल्याही महाराजाला ठाऊक नसतं. ते आईबापालाही ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा मुलालाही नसतं. ते काम करून, चुकून, पुन्हा करून कळतं. म्हणून उद्या कुणी आपल्या पोराचं भविष्य टेबलावर मांडून दाखवायला आलं, तर हात जोडण्याआधी एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून बघा, आणि मग पट्टी काढून आपल्या पोराकडे नीट बघा.