पाखरू कंपनीची खिडकीकडची सीट

मित्रांनो, मी विमानातली खिडकीकडची सीट आहे. विमान आता राहिलं नाही. मी मात्र दिग्रसला, रहेमानभाईंच्या गॅरेजात, एका पायाखाली वीट घेऊन अजून उभी आहे. गिऱ्हाइकं माझ्यावर बसतात, बसल्या बसल्या बोटांचं ग्रीस माझ्या हातांना पुसतात आणि उठताना चघळलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा माझ्या बुडाशी खोचून जातात. याची मला शिसारी येते का, असं कोणी विचारेल. नाही येत. पाखरू विमान कंपनीत नोकरी केलेल्या सीटची शिसारी तिकडेच खर्ची पडलेली असते.

माझा जन्म चांगल्या घरचा. परदेशातल्या कारखान्यात मला घडवलं तेव्हा अंगावर जाड निळं कापड होतं, आत मऊ फोम होता आणि कळ दाबली की पाठ मागे झुकायची. तिकडे मी इमानानं चाकरी केली. पुढे आमचं ते दोन पंख्यांचं छोटं विमान म्हातारं झालं. म्हातारं विमान स्वस्त पडतं, म्हणून पाखरूच्या शेठजींनी ते घेतलं.

शेठजींचा मूळ धंदा बसगाड्यांचा. पहिल्याच दिवशी ते माझ्यावर बसले, पाय लांब केले आणि दुःखी झाले. म्हणाले, "गुडघे कुठेच टेकत नाहीत. एवढी जागा रिकामी उडते?" आठवड्याच्या आत माझ्यापुढे आणखी एक रांग आली. आता पाठ झुकवली की मागच्याचं नाक चेपायचं, म्हणून माझ्या सांध्यात बोल्ट ठोकून मला कायमची ताठ केली. फोम वजनाला भारी, म्हणून तो निम्मा काढला. ओकारीची पिशवी खिशातून गेली आणि विकत मिळू लागली. ज्याला ती लागे त्याला भाव करायची सवड नसे, त्यामुळे खपही चांगला होई. असं माझं एकेक कमी होत गेलं आणि कंपनी वाढत गेली. दोनाची पाच विमानं झाली, पुढे तर जेट आली. गरिबाला आभाळ उघडून देणारा माणूस, असं वर्तमानपत्रांनी शेठजींविषयी छापलं.

खोटं कशाला बोलू, मलाही सुरुवातीला ते पटायचं. एकदा एक म्हातारबाबा पहिल्यांदा विमानात बसले. सीट मळेल म्हणून त्यांनी सगळ्या प्रवासात पाठ टेकवली नाही. असा माणूस रोज यावा आणि मी त्याला न्यावं, असं मला वाटे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. यवतमाळचं नाव रोज छापून येऊ लागलं. नाव आलं तशा समित्या आल्या, पाहणी पथकं आली, अभ्यासगट आले. शेठजींनी नकाशा मागवला. "इतके लोक दुःख बघायला जातात आणि आपलं विमान जात नाही?" असं म्हणून त्यांनी पुणे-यवतमाळ फेरी सुरू केली. ती भरभरून जाऊ लागली. विमान उतरायला लागलं की साहेब लोक माझ्या खिडकीला नाक लावत. एकानं विचारलं, "सगळं हिरवं तर दिसतंय, मग प्रॉब्लेम काय आहे?" दुसरा म्हणाला, "तेच तर अहवालात शोधायचंय." परतताना ते माझ्या खिशात संत्र्यांच्या साली कोंबत आणि बोंडं लागलेली एखादी फांदी दिवाणखान्यासाठी घेऊन जात.

फक्त एक उणीव होती. या विमानात शेतकरी कधी बसला नव्हता. जाहिरातीला तर शेतकऱ्याचाच चेहरा हवा होता. यवतमाळचे एजंट पुंडलिकराव यांना तसा हुकूम आला आणि त्यांनी दिग्रसजवळच्या गावातून विमलताईंना शोधून काढलं.

विमलताईंना पुण्याला जायचंच होतं. त्यांची लेक अर्पिता पुण्यात पहिलटकरीण होती. जावई सीमेवर होता. डॉक्टरनं सिझर सांगितलं होतं आणि तारीख दिली होती. ताईंनी आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये जागाही धरली होती. पुंडलिकरावांनी ती सोडायला लावली. रात्रभर हाडं कशाला मोडून घेता, सकाळी विमानात बसा, दुपारी लेकीजवळ, तेही फुकट.

त्या सकाळी जांभळं लुगडं नेसून त्या माझ्यावर येऊन बसल्या. पुंडलिकराव फोटोवाल्याला घेऊन सोबत होते.

"भाऊ, हे पोचते ना दुपारलोक? संध्याकाळी नेतेत तिले आत."

"दीड तासात पोचते, ताई. तुमी फक्त खिडकीकडे पाहा अन् हासा."

"हासतो ना. लेकीजवळ नेऊन सोडा, मंग दिवसभर हासतो."

फोटोवाला म्हणाला, हातात कापूस हवा. ताई म्हणाल्या, "लेकीले पाहाले चालली मी, बाजारात नाई. कापूस कायले आणू?" पुंडलिकराव धावत गेले आणि धावपट्टीजवळच्या विश्रामखोलीतली उशी फाडून मूठभर कापूस घेऊन आले. कळकट होता, त्याला कोणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास येत होता. तो हातात धरून ताई हसल्या. फोटो निघाला.

आता पाखरूची एक रीत सांगते. सीटा असतील त्याहून जास्त तिकिटं विकायची. कोणी तरी येत नाहीच, असा भरवसा. त्या दिवशी मात्र सगळे आले.

पुंडलिकराव परत आत आले. "ताई, जरा खाली उतरता?"

"अजून फोटो हाय?"

"फोटो झाला. झकास झाला."

"मंग काहून उतरू?"

"समितीचे साहेब बाहेर राह्यले. त्याइचं तिकीट हाय."

"माहं बी हाय. तुमीच देल्लं."

"ते फोटोपुरतं होतं, ताई."

साहेब तोवर दारात येऊन उभे राहिले होते. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "बाईंना सांगा, दुपारी आमची मीटिंग आहे. यांच्याच प्रश्नावर आहे."

"साहेब, माह्या लेकीजवळ कोणी नाई," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"उद्या पाठवतो ना, ताई," पुंडलिकराव म्हणाले.

"सिझर उद्या हाय काय?"

मी पट्टा धरून ठेवावा असं मला फार वाटलं. पण माझं बक्कल एका बोटानं उघडतं. मला तसंच बनवलं आहे. पुंडलिकरावांनी एक बोट लावलं.

साहेब बसले आणि लगेच कुरकुरले, "सीट गरम आहे हो अजून." त्यांनी डोक्यावरचा वारा मोठा केला. आम्ही उडालो.

जाहिरात जोरात चालली. 'आता शेतकरीही उडतो' असं लिहून तो फोटो चौकाचौकांत लागला, आमच्या खिशांतही आला. पाखरूनं आणखी जेट घेतली. मग वर्तमानपत्रांना यवतमाळचा कंटाळा आला, समित्या दुसऱ्या जिल्ह्याच्या दुःखाकडे वळल्या आणि फेरी बंद झाली. आमचं छोटं विमान परत नेण्याचा खर्च परवडेना, म्हणून ते धावपट्टीच्या कडेला सोडून दिलं. त्याच्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. शेवटी आम्हाला भंगारात काढलं आणि मला रहेमानभाईंनी घेतलं.

गेल्या हंगामात विमलताई फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन गॅरेजात आल्या. रहेमानभाईंनी फडक्यानं मला झटकलं.

"बसा ताई, मस्त बसा. इमानाची सीट हाय, पाखरूची. कधी बसल्या का इमानात?"

"बसली," ताई म्हणाल्या. "पोचली नाई."

"अरे, ते कसं?"

"रातच्या गाडीनं गेली मंग. मी जाईलोक नात हून गेलती. लेक एकटीच होती, कागदावर सही बी तिनंच केली. आता फोन उचलत नाई. दवाखान्यासमोर बोर्ड लागला होता माहा, इमानात हासून राह्यली असा. मले म्हणे, आई, तुले इमानात हिंडाले टाइम होता, माह्याजवळ याले नव्हता."

रहेमानभाईंनी पाना खाली ठेवला. "बसा तरी, ताई," ते हळूच म्हणाले. "पंपाले टाइम लागन."

"नाई. उभीच बरी हाय मी."

पंप होईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी शेवटी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझी निगा राखू नका. ग्रीस पुसा, खर्रा खोचा, मी सोसते. पण कोणाला बसा म्हणालात, तर त्याला पोचवा.